शुगरच्या गोळीचं पाकीट वाचायचं कसं? सीमाभागातील रुग्णांसाठी सविस्तर माहिती

निपाणी : तपासणी कोल्हापूरला, सरकारी योजनेच्या कार्डासाठी बेळगावचा दवाखाना आणि महिन्याच्या गोळ्या गावातल्या मेडिकलमधून. निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातल्या अनेक घरांत मधुमेहाचे उपचार असेच चालतात. कोल्हापूर इथून सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर. कोगनोळीचा नाका ओलांडला की राज्य बदलतं, डॉक्टर बदलतात, चिठ्ठीवरचं गोळीचं नावही बदलतं. शरीर मात्र तेच असतं आणि पोटात गेलेल्या गोळ्यांचा हिशेब तेच ठेवतं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या पाहणीचे आकडे जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार २०२१ साली देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह होता, म्हणजे प्रौढांमध्ये ११.४ टक्के. शेजारच्या गोव्यात हे प्रमाण देशात सर्वांत जास्त, २६.४ टक्के निघालं. इतक्या लोकांच्या घरात रोज उघडल्या जाणाऱ्या या पाकिटांवरचा मजकूर बहुतेक वेळा इंग्रजीत असतो. दुकानाची पाटी कन्नडमध्ये, गोळीवरची सूचना इंग्रजीत आणि घेणारी माणसं मराठी वाचणारी. त्यामुळे कायद्याने छापलेला इशारा पाकिटावरच राहतो, रुग्णापर्यंत पोहोचत नाही. तो कसा ओळखायचा, त्याचा अर्थ काय आणि मधुमेहाची औषधं घेताना कोणती काळजी घ्यायची, याची ही माहिती.

पाकिटावर काय काय असतं?

औषधांच्या लेबलचे नियम केंद्र सरकारचे आहेत. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि १९४५ चे औषध नियम देशभर लागू आहेत. म्हणजे गोळी कागलला घ्या, निपाणीला घ्या नाहीतर पणजीला, पाकिटावर काय छापायचं याचा नियम एकच.

प्रत्येक पाकिटावर औषधाचं मूळ नाव, त्यातलं प्रमाण मिलिग्रॅममध्ये, कंपनीचं नाव-पत्ता, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि कमाल किंमत असते. मुदतीसमोर फक्त महिना व वर्ष असेल, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं.

यानंतर येतो इशारा. मधुमेहाच्या औषधांवर साधारण दोन प्रकारचे इशारे दिसतात. पहिला चौकटीत छापलेला असतो. त्याचा मराठीत अर्थ असा : वैद्यकीय देखरेखीशिवाय हे औषध घेणं धोक्याचं आहे. नियमांच्या 'जी' परिशिष्टातल्या औषधांसाठी हा इशारा आहे. इन्सुलिन, मेटफॉर्मिन, ग्लिबेनक्लामाइड ही नावं त्या यादीत आहेत. दुसरा इशारा 'एच' परिशिष्टातल्या औषधांवर असतो. नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय किरकोळ विक्री करू नये, असं तो सांगतो. डाव्या कोपऱ्यातलं 'आरएक्स' चिन्ह किंवा पाकिटावरची उभी लाल रेघ दिसली, की हे औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही एवढं लक्षात ठेवावं.

देखरेख म्हणजे एकदा चिठ्ठी घेऊन पाच वर्षं तीच गोळी आणत राहणं नव्हे. वय वाढतं, वजन घटतं, मूत्रपिंडाचं काम मंदावतं. पन्नाशीत बसलेला डोस सत्तरीत जड पडू शकतो. पाच वर्षांपूर्वीची चिठ्ठी मेडिकलच्या काउंटरवर चालून जाते, पण त्या पाच वर्षांत शरीरात काय बदललं ते चिठ्ठीला माहीत नसतं.

१ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ठरावीक ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड किंवा बारकोड छापणं बंधनकारक झालं. मधुमेहाचे काही खपाचे ब्रँडही त्या यादीत आहेत. मोबाइलने कोड स्कॅन केला की औषधाचं मूळ नाव, कंपनी, बॅच आणि मुदत समजते. घरातल्या शाळकरी पोरांनाही हे काम जमतं. माल खरा आहे की नाही, याचा अंदाज घ्यायलाही त्याचा उपयोग होतो.

नाव वेगळं, गोळी तीच

सीमाभागात सर्वांत जास्त फसगत होण्याची शक्यता इथे आहे.

समजा, कोल्हापूरच्या डॉक्टरांनी एका ब्रँडची गोळी लिहून दिली. तिच्यात ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम आहे. चार महिन्यांनी दुसऱ्या कारणासाठी बेळगावच्या दवाखान्यात दाखल व्हावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी घरी जाताना शुगरची गोळी दिली, तिच्यातही हीच दोन औषधं, फक्त ब्रँड वेगळा. घरी आल्यावर जुनं पाकीट आणि नवं पाकीट एकाच डब्यात पडतं. रंग वेगळा, नाव वेगळं, म्हणून गोळ्याही वेगळ्या असं वाटतं आणि दोन्ही सुरू राहतात. डोस दुप्पट होतो. कोणाही डॉक्टरची चूक नसताना रुग्णाची साखर एकदम खाली येऊ शकते.

जनऔषधी केंद्रातून गोळ्या आणणाऱ्यांच्या बाबतीतही हे होतं. तिथल्या पाकिटावर ब्रँड नसतो, फक्त मूळ नाव असतं. आधीच्या ब्रँडच्या गोळ्या शिल्लक असतील, तर दोन्ही एकच आहेत हे ध्यानात येत नाही. पुण्याला किंवा मुंबईला नोकरीला असलेला मुलगा सणाला येताना गोळ्या घेऊन येतो, तेव्हाही हीच काळजी घ्यायला हवी.

गेल्या काही वर्षांत ब्रँडची संख्या फार वाढली आहे. डिसेंबर २०१९ मध्ये व्हिल्डाग्लिप्टिन, २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिन, २०२२ मध्ये सिटाग्लिप्टिन आणि मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या औषधांच्या मुख्य पेटंटची मुदत भारतात संपली. मग अनेक कंपन्यांनी तीच औषधं आपापल्या नावाने बाजारात आणली. दर उतरले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण एकाच औषधाची कितीतरी नावं झाली आणि ती सगळी लक्षात ठेवणं मेडिकलवाल्यालाही अवघड झालं.

यावर उपाय साधा आहे. मोठ्या अक्षरातलं ब्रँडचं नाव सोडून पाकिटाच्या मागची बारीक अक्षरांतली ओळ बघायची. 'या प्रत्येक गोळीत अमुक आहे' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य तिथे असतं आणि त्याखाली औषधाचं मूळ नाव व मिलिग्रॅम. दोन पाकिटांवर तेच नाव दिसलं, तर दोन्ही गोळ्या एकत्र घ्यायच्या आहेत का, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढचा डोस सुरू करू नये. कधी कधी डॉक्टर मुद्दाम दोन पाकिटांतून एकच औषध देतात, म्हणून आपल्या मनाने एखादी गोळी बंद करणंही बरोबर नाही.

ब्रँडच्या नावापुढे लागणाऱ्या शेपटीकडेही बघावं. १, २, एम, फोर्ट, एसआर, एक्सआर अशी ही अक्षरं असतात. बऱ्याच मिश्रणांत १ आणि २ हे आकडे ग्लिमेपिराइडचे मिलिग्रॅम दाखवतात. एकची गोळी संपली म्हणून दोनची आणली, तर त्या औषधाचा डोस दुप्पट झाला. एसआर, ईआर, एक्सआर किंवा पीआर असेल तर गोळी हळूहळू विरघळणारी आहे. ती फोडून, कुटून किंवा चावून घ्यायची नसते. अशा काही मेटफॉर्मिन गोळ्यांचं रिकामं कवच शौचात दिसतं. औषध शरीरात गेलेलं असतं, घाबरण्याचं कारण नाही.

पाकीट कापून चार-पाच गोळ्या घेण्याची सवय आपल्याकडे आहे. पैशाची अडचण असली की तसं करावं लागतं. मात्र कापताना बॅच नंबर आणि मुदतीचा तुकडा दुकानातच राहतो. अशा वेळी पूर्ण पाकिटाचा दोन्ही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढून घ्यावा आणि पक्कं बिल मागावं.

साखर उतरली तर काय करावं?

मधुमेह म्हणजे साखर वाढणं, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. औषध सुरू असलेल्या माणसाची साखर उतरणं हे त्याहून तातडीचं संकट आहे. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की हात थरथरणं, दरदरून घाम, छातीत धडधड, एकदम भूक, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणं दिसतात. आणखी उतरली तर माणूस बरळतो, चिडतो, तोल जातो आणि शेवटी बेशुद्ध पडतो. दारू प्यालाय किंवा वारं गेलं असेल, असा घरच्यांचा समज होतो आणि मोलाचा वेळ जातो.

अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. १५ मिनिटं थांबून साखर पुन्हा तपासावी. अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढंच द्यावं. बरं वाटल्यावर भाकरी, चपाती, भात असं काहीतरी खायला घालावं. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात पाणीसुद्धा घालू नये. ते श्वासनलिकेत जातं. एका कुशीवर झोपवून १०८ क्रमांकावर फोन करावा. हा क्रमांक कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडे चालतो.

यात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही औषधं चालू असतील, तर नेहमीची साखर किंवा पेढा देऊन फायदा लवकर होत नाही. साखरेचं आतड्यात विघटन होणं, हेच ही औषधं लांबवतात. अशा रुग्णाला ग्लुकोज पावडरच द्यावी लागते. अनेक मिश्र गोळ्यांत व्होग्लिबोज असतं. ज्या घरात अशी गोळी आहे, तिथे ग्लुकोजचा छोटा डबा कायम हाताशी असावा.

दुसरी गोष्ट, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्यांनी उतरलेली साखर एकदा वर येऊन काही तासांनी पुन्हा खाली जाऊ शकते. म्हातारी माणसं आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना बरं वाटलं तरी दवाखान्यात नेऊन देखरेखीखाली ठेवणं योग्य.

कोणत्या औषधाला कोणती सूचना?

मेटफॉर्मिन : सर्वाधिक वापरलं जाणारं औषध. एकट्याने घेतलं तर साखर फार उतरत नाही. जेवणासोबत घ्यावं, म्हणजे मळमळ आणि जुलाब कमी होतात. मूत्रपिंडाची क्षमता दाखवणारा 'ईजीएफआर' हा आकडा ३० च्या खाली असेल, तर हे औषध देत नाहीत. रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. अनेक वर्षं घेणाऱ्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. तळपायाला मुंग्या, थकवा असं वाटलं तर ही तपासणी करून घ्यावी. सीटी स्कॅनसाठी शिरेतून औषध सोडणार असतील, तर मेटफॉर्मिन चालू आहे हे आधी सांगावं.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड : ही स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. जेवण चुकलं तरी गोळीचं काम चालूच राहतं. म्हणून नियम एकच, गोळी घेतली तर जेवायचं आणि जेवण नसेल तर गोळीबद्दल आधी विचारायचं. ग्लिबेनक्लामाइडचा परिणाम फार वेळ टिकतो. वयस्कर रुग्णांना ते शक्यतो टाळावं, असं जाणकार डॉक्टर सांगतात.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन : ही लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. पाणी भरपूर प्यावं लागतं. लघवीच्या जागी खाज किंवा बुरशी होऊ शकते, लाजून लपवू नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये या गटाबद्दल इशारा दिला. रक्तात घातक आम्ल तयार होऊ शकतं आणि त्या वेळी मीटरवर साखर फार वाढलेली दिसेलच असं नाही. उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणं आली तर साखर बरी आहे म्हणून घरी बसू नये. ऑपरेशन ठरलं असेल, तर ही औषधं किमान तीन दिवस आधी थांबवतात. म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना त्याची कल्पना असायलाच हवी.

सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन : तुलनेने शांत औषधं. पोटात वरच्या बाजूला जोरात दुखून पाठीकडे कळ गेली, तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. व्हिल्डाग्लिप्टिन घेणाऱ्यांच्या यकृताची तपासणी सुरुवातीला आणि मधून मधून करतात.

उलट्या-जुलाब किंवा ताप येऊन खाणं-पिणं बंद झालं, तर मेटफॉर्मिन आणि लघवीवाटे साखर काढणारी औषधं काही दिवस थांबवावी लागू शकतात. यासाठी डॉक्टरांना फोन करावा. इन्सुलिन मात्र जेवण कमी झालं म्हणून आपल्या मनाने पूर्ण बंद करायचं नसतं. लहानपणापासूनचा मधुमेह असलेल्यांसाठी ते जीवघेणं ठरतं.

लाल अक्षरांतला इशारा कुठून आला?

पाकिटावरचे इशारे उगाच छापलेले नसतात. प्रत्येकामागे काहीतरी घडलेलं असतं. मेटफॉर्मिनचंच भावंड असलेलं फेनफॉर्मिन रक्तात आम्ल साचवतं, म्हणून २००३ मध्ये भारतात बंद झालं. हृदयावरच्या परिणामांमुळे रोसिग्लिटाझोन २०१० मध्ये बंद झालं.

तिसरं उदाहरण पायोग्लिटाझोनचं. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शक्यतेवरून केंद्र सरकारने १८ जून २०१३ रोजी या औषधाचं उत्पादन आणि विक्री थांबवली. गोळी स्वस्त होती आणि अनेकांना लागू पडत होती. तज्ज्ञांनी पुन्हा विचार केल्यावर ३१ जुलै २०१३ रोजी ही बंदी अटींवर उठली. अट अशी, की इशारा ठळक लाल अक्षरांत छापायचा. मूत्राशयाचा कर्करोग असलेल्यांना किंवा पूर्वी झालेल्यांना आणि लघवीतून रक्त जाण्याचं कारण न शोधलेल्यांना हे औषध देऊ नये, तसंच मधुमेहाचं पहिलं औषध म्हणून ते वापरू नये, असा त्याचा आशय. पायोग्लिटाझोनमुळे अंगात पाणी साचून पायांना सूज येते, त्यामुळे हृदयाचं काम मंदावलेल्यांनाही ते चालत नाही.

आजही हे औषध तीन औषधांच्या मिश्र गोळ्यांत मिळतं. घरातल्या पाकिटावर लाल अक्षरं असतील, तर ती कोणाकडून तरी वाचून घ्यावीत. लघवीतून रक्त गेल्याचं एकदा जरी दिसलं असेल, तर डॉक्टरांना सांगावं.

इन्सुलिन : ४० आणि १०० चा घोळ

इन्सुलिनमधली सर्वांत महागात पडणारी चूक सिरिंजची आहे. भारतात बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिट प्रतिमिलिलिटर असतं. पेनच्या काडतुसात ते १०० युनिट असतं. काही बाटल्याही १०० च्या मिळतात. ४० च्या इन्सुलिनसाठी लाल टोपणाची सिरिंज असते, १०० साठी नारिंगी टोपणाची.

१०० चं इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर शरीरात २० ऐवजी ५० युनिट जातात, म्हणजे अडीच पट. उलट ४० चं इन्सुलिन नारिंगी सिरिंजमध्ये २० पर्यंत भरलं, तर फक्त ८ युनिट जातात. पहिल्या चुकीने माणूस बेशुद्ध पडू शकतो, दुसरीने साखर वाढतच राहते आणि औषध लागू पडत नाही असं वाटतं. पेनचं काडतूस मिळालं नाही म्हणून बाटली आणली, तर सिरिंज बाटलीवरचा आकडा बघूनच घ्यावी. पेनच्या काडतुसात सुई खुपसून औषध ओढू नये.

३०/७० किंवा ५०/५० ही बाटलीवरची खूण मिश्रणाचं प्रमाण सांगते. दोन्ही वेगळी औषधं आहेत, एक नाही म्हणून दुसरं घ्यायचं नाही. दुधट दिसणारं इन्सुलिन घेण्याआधी बाटली दोन्ही तळव्यांमध्ये हळू फिरवावी, जोरात हलवू नये. नेहमी पाण्यासारखं स्वच्छ असणारं इन्सुलिन गढूळ झालं, किंवा दुधट इन्सुलिनमध्ये गाठी दिसल्या, तर ते वापरू नये.

न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये २ ते ८ अंश तापमानात ठेवायची. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी निकामी असतं. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे चालते, नेमकी मुदत माहितीपत्रकात असते. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहून ठेवावी. फ्रीज नसेल तर मातीचं मडकं चांगलं काम देतं. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं आणि त्यात डबीत बंद केलेली बाटली. वाळू ओली राहिली की उन्हाळ्यातही आत गारवा टिकतो. प्रवासात इन्सुलिन दुचाकीच्या डिकीत किंवा मोटारीच्या काचेजवळ ठेवू नये.

उपवास, कष्ट आणि गोळीची वेळ

संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपवास, नवरात्रात नऊ दिवस, आषाढीला एकादशी आणि रमजानमध्ये महिनाभर रोजे. निपाणीत हे सगळं एका गल्लीत पाळलं जातं. सकाळी गोळी घेऊन रात्री चंद्र दिसेपर्यंत उपाशी राहिलं, तर साखर उतरण्याचा धोका खरा आहे. दुसरीकडे साबुदाण्याची खिचडी, भगर आणि बटाटा खाऊन साखर चढतेही. उपवास करायचाच असेल, तर आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ आणि डोस ठरवून घ्यावा. साखर ७० च्या खाली गेली तर उपवास तिथेच सोडावा.

पहाटे उठून चहावर विड्या वळायला बसणाऱ्या बायका, तंबाखूच्या वखारीत किंवा ऊसतोडीला जाणारी माणसं यांची जेवणाची वेळ ठरलेली नसते. दवाखान्यात डॉक्टर फक्त 'जेवणाआधी एक' असं सांगतात. आपण पहिलं जेवण नेमकं किती वाजता करतो, हे रुग्णानेच सांगायला हवं. त्यावरून गोळी बदलूनही मिळते.

'मुळासकट शुगर बरी' करणाऱ्या पुड्या

बाजारच्या दिवशी किंवा मोबाइलवर मधुमेह मुळापासून बरा करणाऱ्या चूर्णांची जाहिरात दिसते. १९५४ च्या जादुई उपचार व आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या यादीत मधुमेहाचं नाव आहे. म्हणजे मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं हा गुन्हा आहे. काही पुड्यांत लेबलवर न सांगता ॲलोपॅथीच्या गोळ्यांची पूड मिसळल्याचे प्रकार देशात उघड झाले आहेत. अशी पुडी आणि डॉक्टरांची गोळी एकत्र झाली, तर पुन्हा तोच दुप्पट डोस. ज्या पाकिटावर घटक, बॅच नंबर आणि परवाना क्रमांक नाही, ते विकत घेऊ नये.

त्रास झाला तर कळवायचं कुठे?

औषधाने त्रास झाला तर आधी डॉक्टर. त्यानंतर रुग्ण स्वतःही सरकारला कळवू शकतो. भारतीय औषध दक्षता कार्यक्रम २०१० पासून सुरू आहे. त्याचं काम गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगातून चालतं. १८००-१८०-३०२४ हा त्याचा मोफत क्रमांक. रुग्णांसाठीचा तक्रार अर्ज मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत आहे. औषध बनावट वाटलं किंवा मुदत संपलेलं दिलं, तर जिथे खरेदी केली त्या राज्याच्या औषध नियंत्रण खात्याकडे तक्रार जाते. कागलला घेतलं असेल तर महाराष्ट्राचं अन्न व औषध प्रशासन, निपाणीत घेतलं असेल तर कर्नाटकचं औषध प्रशासन. त्यासाठी बिल आणि पाकीट जपून ठेवावं.

एक कागद खिशात असू द्या

दोन राज्यांतल्या दवाखान्यांचे कागद एकमेकांना दिसत नाहीत. ते एकत्र आणणारा माणूस रुग्ण किंवा त्याच्या घरचा असतो. त्यासाठी वहीचं एक पान पुरतं. त्यावर प्रत्येक गोळीचं मूळ नाव मराठीत आणि पाकिटावर आहे तसं इंग्रजीत, मिलिग्रॅम, घेण्याची वेळ, कोणत्या गावच्या डॉक्टरांनी कधी दिली, हे लिहावं. खाली मूत्रपिंडाच्या शेवटच्या तपासणीचा आकडा, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ती आणि घरच्यांचा फोन नंबर. इन्सुलिन असेल तर ४० चं की १०० चं, हेही.

हा कागद कोल्हापूरला दाखवा, बेळगावला दाखवा, पाय मुरगळला म्हणून हाडाच्या डॉक्टरकडे गेलात तरी दाखवा. नवी गोळी मिळाली की त्याच दिवशी कागदावर चढवा आणि बंद झालेली खोडा. महिन्यातून एकदा गोळ्यांचा डबा रिकामा करून कागदाशी ताडून बघा. कागदावर नसलेली गोळी डब्यात सापडली, तर ती खाण्याआधी विचारा. ही माहिती वाचून चालू असलेली कोणतीही गोळी मात्र परस्पर बंद करू नये. शंका असेल त्या पाकिटासकट डॉक्टरांकडे जावं.